गोधडी गप्प झाली तेव्हा

संक्रांतीनंतर दिवस तीळ तीळ वाढतो हे लहानपणापासून ऐकत आलेय, पण तो वाढलेला दिवस मांजरीच्या अंगात जाऊन काय करतो हे मला गेल्या वर्षीच्या जानेवारीत कळलं, आणि तेव्हाही अर्धवटच कळलं.

आमची गोधडी तेव्हा सहा-साडेसहा महिन्यांची. त्याच्या आधीच्या गणपतीत नाशकात, पंचवटीत आमच्या बिल्डिंगखाली स्कूटीच्या कव्हरमध्ये सापडली होती, पावसात भिजून थरथरत होती, ओंजळीत मावेल एवढी. पांढरे, काळे, केशरी तुकडे जोडून शिवल्यासारखं अंग, म्हणून लेकीनं नाव ठेवलं गोधडी. दुधाचे दात बघून डॉक्टर म्हणाले दोन महिन्यांची असेल, म्हणजे जन्म जुलैचा. आमच्या डोक्यात ती तेवढीच राहिली. ती वाढत होती, खात होती, पडद्यावर चढत होती, तरी आम्ही तिला पिल्लूच म्हणत होतो.

जानेवारीच्या शेवटी एका रात्री दोन वाजता ती असं ओरडायला लागली की मी आणि नवरा दोघंही दचकून उठलो. ते म्याव नव्हतंच, लांबलचक, घशातून खेचून काढलेला आवाज, लहान मूल विव्हळतं तसा. फरशीवर लोळायची, मग छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर, शेपटी एका बाजूला आणि मागचे पाय जागच्या जागी तुडवल्यासारखे. मला वाटलं पोटात दुखतंय, काहीतरी गिळलंय, रबर बँड वगैरे. सकाळी फोन केला तर डॉक्टर शांतपणे म्हणाले, हीटवर आलीय, आजारी नाहीये. मी म्हटलं, अहो पण ती लहान आहे. ते म्हणाले, काही मांजरी चौथ्या महिन्यातच येतात, आणि मांजरीचा माज उजेडावर चालतो, दिवस मोठा व्हायला लागला की शरीर जागं होतं. साधारण आठवडाभर चालेल, बोका मिळाला नाही तर थांबेल आणि दोन-तीन आठवड्यांनी परत येईल, परत थांबेल, परत येईल.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझ्या मनातून ती अजून गेलेली नाही. डिसेंबरमध्ये मी एका दुसऱ्या दवाखान्यात, नाव नाही घेत, मुद्दाम विचारलं होतं की पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते ऑपरेशन कधी करायचं, आणि मला सांगितलं गेलं की वर्षाची होऊ द्या, एक वेत होऊ द्या, तब्येतीला चांगलं असतं. मी मान डोलावून घरी आले. आता आम्ही ज्या डॉक्टरांकडे जातो त्यांनी स्पष्ट सांगितलं की एक वेत झालं म्हणून मांजरीचं काहीही भलं होत नाही, तब्येत आणि वजन चांगलं असेल तर चार-पाच महिन्यांतच करता येतं आणि पहिल्या हीटच्या आधी केलं तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. मला राग त्या दवाखान्याचा आहेच, पण मी एकाच ठिकाणी विचारून गप्प बसले हेही आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत आपण असं बसतो का?

तर हीट चालू असताना गर्भाशयाकडे रक्तपुरवठा वाढलेला असतो, तातडी नसेल तर हीट उतरल्यावर करू असं ठरलं आणि 15 फेब्रुवारीची तारीख घेतली. तोवर दारं-खिडक्या बंद. तिनं खाणं कमी केलं होतं, आणि रात्री मागच्या वाड्याच्या पत्र्यावरून एक काळा-पांढरा बोका, गालफडं फुगलेला, एक कान फाटलेला, आमच्या खिडकीकडे तोंड करून बसायचा. तो आत बघायचा, ही बाहेर बघायची.

1 फेब्रुवारीला शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीचा एक कोपरा सुटला आणि ती गेली. आम्ही टॉर्च घेऊन गल्ली, पार्किंग, मागचा वाडा, सगळं पालथं घातलं, नवरा पार गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या बाजूपर्यंत जाऊन आला. पहाटे साडेपाचला ती आपणहून दारात आली. मी तिला उचललं तर मानेच्या मागचे केस ओले, एकमेकांना चिकटून काटेरी झालेले. मी ते टॉवेलनं पुसून काढले आणि म्हटलं कुठल्या गटारात गेली होती कुणास ठाऊक. बोका मादीची मान दातात धरतो, त्याच्या लाळेनं तिथले केस असे होतात, हे मला नंतर कळलं. सगळं माझ्या हाताखाली होतं आणि मी पुसून टाकलं.

दोन-तीन दिवसांत तिचं ओरडणं थांबलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू, सगळं घर रात्रभर झोपलं, शेजारच्या काकूंनीही विचारलं, झाली का हो बरी तुमची मनी? मग 15 तारखेला निफाडला सासूबाईंच्या भाचीचं लग्न निघालं, आणि मांजर शांत आहे, घाई काय, म्हणून मीच फोन करून ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. मांजरीत बीज सहसा आपोआप सुटत नाही, ते सुटायला बोक्याशी संबंध यावा लागतो, आणि एकदा ते सुटलं की हीट थोड्याच दिवसांत उतरते. म्हणजे ती गप्प झाली होती यातही एक खूण असू शकत होती आणि आम्ही त्याला आराम पडला म्हणत होतो.

ओळखलं सासूबाईंनी. फेब्रुवारीची वीस-एकवीस तारीख असेल, त्या बाल्कनीत उन्हात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि गोधडी त्यांच्या पायाशी पोट वर करून पडली होती. मी आत पोळ्या करत होते. त्यांनी हाक मारली, "अगं, इकडे ये जरा. हिचे सड बघ." मी बघितलं, मला काहीच दिसेना. त्यांनी दोन बोटांनी पोटावरचे केस बाजूला केले. एरवी मुगाच्या दाण्याएवढे, फिकट, शोधावे लागतात असे असतात ते, आता जरा फुगून गुलाबी झाले होते आणि भोवतीचे केस मागे सरकल्यासारखे. आई म्हणाल्या, "ही गाभण आहे." त्यांचं माहेर निफाडकडचं, गोठ्यात वाढलेल्या, त्यांच्या बोलण्यात प्रश्न नव्हता. मी म्हटलं, आई ती सात महिन्यांची आहे. त्या म्हणाल्या, "मग? तिला कुणी सांगितलंय का सात महिन्यांची आहे म्हणून?"

नंतर वाचलं, विचारलं तेव्हा कळलं की त्या अगदी वेळेवर बोलल्या होत्या, पंधराव्या ते विसाव्या दिवसाच्या आसपासच सड असे गुलाबी होतात, आणि पहिलटकरणीत ते जास्त स्पष्ट दिसतं. पोट दिसायला मात्र पाचवा आठवडा उजाडतो. त्यामुळे मधले दिवस फार विचित्र असतात, काहीतरी आहे असं वाटतं आणि हाताला काहीच लागत नाही. नवरा म्हणाला मेडिकलमधून प्रेग्नन्सी किट आणू का, पण ती किट माणसाच्या शरीरात तयार होणारं जे हार्मोन शोधते ते मांजरीत तयारच होत नाही, त्यामुळे कितीही वेळा केली तरी उपयोग शून्य. शिवाय गरोदर नसतानाही काही मांजरींचं शरीर गरोदर असल्यासारखं वागतं, तेही महिना-दीड महिना. आणि मला ज्याची खरी भीती वाटली ते म्हणजे गर्भाशयात पू होणं, हीटनंतर काही आठवड्यांनी होतं, पोट तेव्हाही वाढतं, पण मांजर मलूल होते, खाणं सोडते, पाणी खूप पिते, कधी खालून घाण वासाचा स्राव येतो, आणि तिथे एक दिवस थांबलं तरी जीव जाऊ शकतो. म्हणून घरच्या घरी ठरवून मोकळं होणं मला पटेना. गोधडी खात होती, खेळत होती, त्यामुळे रात्री झोप तरी लागली, पण दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट घेतली.

तोपर्यंत मी एक गोष्ट केली. स्वयंपाकघरातला वजनकाटा, ज्यावर दिवाळीला बेसन मोजते तो, त्यावर प्लास्टिकचा टब ठेवून तिला बसवलं. 2 किलो 450 ग्रॅम. कॅलेंडरवर 1 फेब्रुवारीला लाल गोल केला आणि तिथून मोजायला लागले. मांजरीचे दिवस साधारण 63 ते 67, नऊ आठवडे धरा. मी बोट ठेवत ठेवत गेले तर बोट रामनवमीवर येऊन थांबलं.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. सव्विसावा दिवस. डॉक्टरांनी आधी हातानं चाचपलं आणि मला बजावलं की घरी पोट दाबून बघायचं नाही, गर्भाला इजा होते. पोटावरचे थोडे केस काढले, जेल लावलं, मी तिचे पुढचे दोन पाय धरून उभी. स्क्रीनवर काळ्या गोळ्यात एक पांढरा ठिपका लुकलुकत होता, काजवा कसा लुकलुकतो तसा, पण खूप भराभर. डॉक्टर म्हणाले हे हृदय. मग मशीन सरकवलं, अजून एक. अजून एक. तीन तर दिसतायत, जास्त असू शकतील, नेमका आकडा एक्सरेत कळेल, तोही 45 दिवसांनंतर, हाडं धरल्यावर.

मग त्यांनी मशीन बंद केलं आणि दोन्ही रस्ते नीट सांगितले. आत्ता ऑपरेशन करता येईल, गर्भाशयासकट सगळं निघेल, ती लहान आहे, अजून लवकरचे दिवस आहेत, तिच्या दृष्टीनं ते वाईट नाही. किंवा होऊ द्या, पण मग उरलेले पाच-सहा आठवडे आणि पुढचे दोन महिने तुमचे. घरी जा, बोला, पण आठवडा लावू नका.

घरी दोन रात्री बोलणं झालं. मला वाटलं होतं सासूबाई म्हणतील पोटातल्या जिवाला हात लावू नका, आणि मी तयारीतच होते, पण त्या म्हणाल्या, "ऑपरेशन करून टाका. ती स्वतःच लेकरू आहे, तिचं अंग भरलेलं नाही. आमच्याकडे कालवड लवकर गाभण राहिली की बाप कपाळाला हात लावायचा." नवराही त्याच बाजूचा, त्याचा मुद्दा होता की आधीच गल्लीगल्लीत पिल्लं आहेत, कोण घेणार, आणि तो खरा होता. मीच अडले. मी कारणं खूप दिली, डॉक्टर नाही म्हणत नाहीयेत, आपण नीट सांभाळू, घरं मी शोधीन, पण खरं कारण एकच होतं, मी ते लुकलुकताना बघितलं होतं आणि तिचे पाय माझ्या हातात होते. ज्यांनी अशा वेळी ऑपरेशन केलं त्यांच्याविषयी माझ्या मनात काडीचाही किंतु नाही, कदाचित त्यांनी मांजरीचा विचार जास्त केला असेल. आई दुसऱ्या रात्री म्हणाल्या, "बरं, मग नीट करायचं. अर्धवट नाही." आणि तो विषय संपला.

नीट करायचं म्हणजे काय हे शिकण्यात महिना गेला. खाणं पिल्लांचं चालू केलं, किटन फूड, कारण त्यात ताकद जास्त असते, आणि पोटात जागा कमी होत जाते म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा. आईंनी मायेनं दोन दिवस वाटीभर गाईचं दूध दिलं तर तिला ढाळ लागली, मोठ्या मांजरींना बहुतेक दूध पचतच नाही, ते बंद केलं. जंताचं औषध, पिसवांचं औषध, काहीही विचारल्याशिवाय नाही. तिचा एक लसीचा डोस राहिला होता, तो मी घाईनं द्यायला निघाले होते, पण जिवंत विषाणूची लस गरोदरपणात देत नाहीत, पिल्लांच्या मेंदूला धक्का बसू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तो पुढे ढकलला. आणि एक सगळ्यांनाच सांगते, गरोदर असो नसो, मांजरीला पॅरासिटामॉल कधीही द्यायची नाही, एक गोळीसुद्धा जीव घेते.

दर रविवारी वजन. 2 किलो 600. 2 किलो 800. लेक वहीत लिहायची. तिनंच विचारलं, आई, पिल्लांचा बाबा तो काळा-पांढरा बोकाच असेल ना? मी म्हटलं नक्की नाही, एका वेतात दोन-दोन बोक्यांची पिल्लं असू शकतात. तिनं थोडा वेळ विचार केला आणि वहीत वडिलांच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं.

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, उघडतात, ढोल, डीजे, गल्लीत पोरांचा दंगा, त्या दिवशी गोधडी दिवसभर गॅसच्या ओट्याखाली जाऊन बसली, बाहेर यायला तयार नाही. सेहेचाळिसावा दिवस. मी तिथेच फरशीवर बसून राहिले. तिच्या कुशीवर हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला, आणि आतून काहीतरी सरकलं. मासा पाण्यात वळतो तसं. मी कितीतरी वेळ हात काढला नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी एक्सरे. चार कणे, चार डोकी, मण्यांच्या बारीक माळा ठेवल्यासारखे. हा आकडा हातात असणं किती मोठी गोष्ट आहे ते त्या रात्री समजलं, कारण आकडा माहीत नसेल तर बाळंतपण संपलं की अडकलं हे कळायचं कसं?

तिच्यासाठी मोठा खोका आणला, एका बाजूनं दार कापलं, जुन्या चादरी घातल्या. तिनं एकदा वास घेतला आणि निघून गेली. शेवटी तिनं आईंच्या गोधड्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा निवडला आणि आईंनी काही न बोलता चांगल्या गोधड्या वर काढून जुन्या खाली अंथरल्या. शेवटच्या आठवड्यात मी रोज दोनदा तिचं तापमान घेत होते, एरवी 100 फॅरनहाइटच्या वर असतं, त्याच्या खाली गेलं की बहुतेक दिवसाच्या आत कळा सुरू होतात. 5 एप्रिलला सकाळी 99.4. संध्याकाळी ती जेवली नाही. शनिवारची रात्र, दुसऱ्या दिवशी रविवार, त्यात रामनवमी, काळाराम मंदिराच्या बाजूचे रस्ते गर्दीनं भरणार. मी डॉक्टरांना आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं की गरज पडली तर कुठे यायचं, आणि नवऱ्यानं गाडी रात्रीच चौकाबाहेर नेऊन लावली होती.

पहिलं दोन वाजून दहा मिनिटांनी. तिला काय चाललंय तेच कळेना, ती वळून बघायची आणि उठून उभी राहायची. आई म्हणाल्या, "हात लावू नकोस, तिला वास घेऊ दे." मग तिनं पातळ पडदा फाडला, नाळ तोडली, वार खाल्ली, आणि ते केशरी ओलं काहीतरी ओरडलं. दुसरं तिरंगी, म्हणजे जवळजवळ नक्कीच मादी. तिसरं काळं-पांढरं, साडेतीनला. मग सगळं थांबलं. ती आडवी होऊन तिघांना पाजत होती, डोळे अर्धे मिटलेले, घुरघुर चालू. चौथं आतच. मला डॉक्टरांचं वाक्य पाठ होतं, ती शांत असेल तर थांबा, मांजरी मध्ये विश्रांती घेतात, पण जोर लावतेय आणि वीस-तीस मिनिटांत काही येत नाही तर लगेच निघा. मी घड्याळ समोर ठेवलं. पाच वाजले. साडेपाचला परत कळा आल्या, सात-आठ मिनिटांत चौथं आलं. लहान होतं, बाकीच्यांच्या निम्मं. गोधडीनं चाटलं, थांबली, परत चाटलं. आईंनी ते उचललं, तोंडातलं पुसलं, सुती फडक्यात घेऊन पाठीवर चोळत राहिल्या, चोळत राहिल्या, पंधरा मिनिटं तरी. बाहेर देवळाकडून सनई सुरू झाली. आई थांबल्या आणि त्यांनी फडकं दुमडून घेतलं. सकाळी नवऱ्यानं मागच्या कढीपत्त्याखाली खड्डा केला.

तिघांची वजनं 92, 98 आणि 104. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवीत, वाढली. चौथ्या-पाचव्या दिवशी सगळी बिल्डिंग बघायला यायला लागली आणि गोधडीनं एका दिवसात पिल्लं तीन ठिकाणी हलवली, कपाटातून पलंगाखाली, तिथून ओट्याखाली, तिथून माळ्यावर चढायचा प्रयत्न. आई म्हणाल्या मांजर सात घरं फिरवतेच, पण मला दिसत होतं की ती माणसांपासून पळतेय. दार लावलं, सगळ्यांना हात जोडून नाही म्हटलं, रात्री ती एकेकाला तोंडात धरून गोधड्यांवर परत घेऊन आली. नवव्या दिवशी केशरीचा एक डोळा उघडला.

खिडक्या मात्र उन्हाळाभर बंद होत्या. अंगावर पाजत असतानाही मांजर हीटवर येते आणि परत गाभण राहते, बाळंत झाल्यावर अवघ्या काही आठवड्यांतसुद्धा. एप्रिल-मेच्या उकाड्यात आम्ही घामाघूम होऊन झोपलो. नवऱ्यानं सगळ्या खिडक्यांना लोखंडी जाळी मारून घेतली. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पिल्लं आठ आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागल्यावर, गोधडीचं ऑपरेशन झालं. केशरी आणि काळा-पांढरा अजून महिनाभर ठेवून मगच दिले, एक गंगापूर रोडला, एक इंदिरानगरला, आणि दोघांच्याही घरी मी ऑपरेशन कधी करणार ते आधी विचारलं, तारीख कॅलेंडरवर लिहून घेतली, ऑगस्टमध्ये फोनही केले.

तिरंगी आमच्याकडेच राहिली. गणपतीच्या आधी, साडेचार महिन्यांची झाल्यावर, तिला मी टोपलीत घालून नेलं आणि संध्याकाळी परत आणलं. गोधडी धावत आली, वास घेतला आणि फिसकारली. दवाखान्याचा वास येत होता, तिला स्वतःची लेक ओळखू येईना. दोन दिवस दोघी वेगवेगळ्या खोल्यांत. आईंनी त्यांचं एक जुनं लुगडं घेतलं, त्यानं आधी गोधडीचं अंग पुसलं, मग त्यानंच टाका चुकवून पिल्लाचं, मग परत गोधडीचं, दिवसातून चार-पाच वेळा, तांदूळ निवडताना लागतो तेवढ्याच सावकाशीनं. तिसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी भरायला उठले तर कपाटाच्या खालच्या कप्प्यात लुगड्यावर दोघी होत्या, आणि गोधडी तिचा कान चाटत होती.